आजीचा रविवार लिहिताना

चि.,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची पाने पोचली. आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेले जुने रविवार लिहून काढावेत असे तुला वाटले, याचा मला मनापासून आनंद झाला; म्हणूनच पाने सावकाश वाचून मग उत्तर लिहायला बसले आहे. तुझी भाषा स्वच्छ आहे आणि घरातल्या माणसांविषयीची माया तिच्यात आपोआप उतरली आहे. मात्र या पानांतला रविवार सोलापुरातल्या कोणत्याही घराचा असू शकेल, किंबहुना सोलापूरबाहेरच्याही. सकाळचे कोवळे ऊन, कढत पाण्याची आंघोळ, मटणाचा रस्सा, दुपारची झोप, संध्याकाळी सिद्धेश्वर तलावावरचा फेरफटका, आणि शेवटी ‘तेव्हा सगळे एकत्र होते’ हे वाक्य. यातले काहीही खोटे नाही. तरी पूर्व भागातल्या दोन खोल्यांच्या घरात जिने आयुष्यभर विड्या वळल्या, ती तुझी आजी मला या पानांत पुरती भेटली नाही. ती वाढताना दिसते, हसताना दिसते. त्या दिवशी तिच्या हातांना आणखी कोणते काम होते, हे तू तिला अजून विचारलेले नसावेस.

माझे सांगणे एवढेच आहे, आणि पुढचे सगळे पत्र त्याच्याच विस्तारासाठी आहे: रविवार कसा वाटत असे, असे विचारण्याऐवजी रविवारी घरात कोण काय काम करीत असे, ते विचार. ‘कसे वाटायचे’ असे विचारले की वडीलधारी माणसे समोरच्याला बरे वाटेल तेच सांगतात, कारण नातवंडाला दुखवायचे त्यांच्या जिवावर येते. ‘पाणी कोण भरायचे, बंबात काय जाळायचे, शिकेकाई कोण कुटायचे’ असे विचारले की त्यांना क्षणभर थांबावे लागते. मग एक भांडे आठवते, भांड्यामागून माणूस आठवतो, आणि त्या माणसाशी झालेले भांडणसुद्धा आठवते.

माझ्याच लहानपणचे सांगते. माझे वडील मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात, कामाला होते. आमचे घर माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, होते, आणि उन्हाळ्यात त्या माळवदावर आमचे अर्धे आयुष्य जात असे. चैत्र-वैशाखातला एखादा रविवार आई कुरडयांसाठी राखून ठेवी. हा वार तिने विश्रांती म्हणून निवडलेला नव्हता. त्या दिवशी वडील घरी असत, आम्हा मुलांना शाळा नसे, आणि कुरडयांना माणसे लागतात. गहू तीन दिवस भिजत पडलेले असत. त्यांचे पाणी रोज बदलावे लागे, नाहीतर आंबूस वास पुढे कुरडयांत उतरे. मग ते वाटायचे, पिळून चोथा वेगळा करायचा, चीक रात्रभर स्थिर होऊ द्यायचा आणि पहाटे वरचे पाणी हलकेच ओतून द्यायचे. एवढे झाल्यावर खरी परीक्षा असे. मोठ्या पातेल्यात मीठ-हिंगाचे पाणी उकळत असताना आई धार धरून चीक ओती आणि वडील दोन्ही हातांनी लाकडी दांडा फिरवीत. चीक घट्ट होऊ लागला की दांडा जड होतो. हात थांबला तर गुठळी होते, आणि एक गुठळी सोऱ्याची जाळी अडवून धरते. वर्षभर स्वयंपाकघरात पाऊल न ठेवणारे माझे वडील त्या एका कामाला मात्र न बोलावता येऊन उभे राहत. आठवडाभर साच्यांच्या खडखडाटात उभ्याने काढलेला माणूस सुट्टीच्या पहाटे पुन्हा उभ्यानेच काम करी, आणि आई त्याला ‘आता सोडा, मी बघते’ असे म्हणे, तरी तो दांडा सोडत नसे. त्या दोघांच्या संसाराविषयी मला जे काही ठाऊक आहे, त्यातले पुष्कळसे त्या पातेल्यापाशी उभी राहून मला कळले.

ऊन चढायच्या आत सोऱ्या भरून शिडीवरून वर न्यायचा, जुन्या धोतरावर कुरडया घालायच्या, कडांना दगड ठेवायचे. कावळे राखायला धाकटी मुले, आणि त्यांना राखायला मी. वाटीभर गरम चीक तेल घालून खायला मिळे, आणि त्या लोभाने आम्ही सगळे पहाटे उठलेले असू.

‘तुमचे बालपणीचे रविवार कसे होते’ असे मला कोणी विचारले असते, तर यातले काहीच सुचले नसते. मीसुद्धा ऊन, आंघोळ आणि रस्सा एवढेच सांगितले असते. माझ्या एका भाचीने कुरडयांना पाणी किती घालायचे ते विचारले, तेव्हा दांडा फिरवणारे हात आठवले आणि त्या हातांच्या मागचे वडील आठवले.

आता तुझ्या आजीकडे वळू. विड्यांच्या कामाला वार नसतो, हे आधी ध्यानात घे. कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा घरी आणायचा. पाने भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. पत्र्याचे माप लावून कात्रीने कापायची. मग सूप मांडीवर घेऊन वळत बसायचे, तोंडे मुडपायची, पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधायच्या आणि ठरलेल्या वेळी माल तपासून घ्यायला कारखान्यात जायचे. मजुरी हजार विड्यांवर मिळते. म्हणजे रविवारी सूप बाजूला ठेवले, तर त्या दिवसाची मजुरी तेवढी कमी. मग आजी रविवारी विड्या वळायची का? वळायची तर किती वेळ? पाहुणे आले की सूप कोठे सरकवायची? तोंडे मुडपायला तुझ्या वडिलांना आणि आत्यांना बसवायची का, आणि त्या बदल्यात त्यांना काय मिळायचे? तपासणीत नापास होऊन जो माल बाजूला निघे, त्याचा राग घरात कोणावर निघे? हे प्रश्न तुला कोरडे वाटतील. विचारून पाहा, ‘सगळे एकत्र होते’ या वाक्यात सगळे नेमके कोठे बसले होते, कोणाचे तोंड कोणाकडे होते आणि कोण उठू शकत नव्हते, ते तुला त्यांतूनच कळेल.

आजोबांचेही असेच. ते यंत्रमागावर होते असे तू लिहिले आहेस, पण त्यांच्या कारखान्याची सुट्टी रविवारीच असे का, हे लिहिलेले नाहीस. सगळ्या कारखान्यांची सुट्टी एकाच वारी येते असे नाही. बापाची सुट्टी एका वारी, मुलांच्या शाळेची दुसऱ्या वारी आणि आईची कोणत्याच वारी नाही, अशी घरे आपल्या गावात पुष्कळ होती. तुझ्या घरी तसेच असेल, तर तुम्ही ज्याला ‘रविवार’ म्हणता तो घरचा वार कदाचित वेगळाच निघेल. तसा निघाला तर घाबरू नकोस, तोच वार लिही.

येथे थोडा इतिहास सांगते, कारण त्याशिवाय हे प्रश्न अधांतरी राहतील. आठवड्याची सुट्टी कामगाराला कोणी सहज दिलेली नाही. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्यातून एक सुट्टी मिळावी ही मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण त्यांनी पुढे केले होते असे सांगतात. मुंबईच्या गिरणीमालकांनी ती मागणी 10 जून 1890 रोजी मान्य केली, आणि पुढल्याच वर्षीच्या, म्हणजे 1891 च्या, फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टीची तरतूद झाली. आपल्या सोलापुरातली जुनी मिल 1877 मध्ये सुरू झालेली आहे. म्हणजे तिच्या पहिल्या पिढीतल्या मोठ्या माणसांना कायद्याने मिळालेला असा सुट्टीचा वार काही वर्षे नव्हताच. पुढे लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल आल्या आणि भोंग्यावर घड्याळ लावणारे गाव तयार झाले. विड्या वळणाऱ्या बायकांचे तर त्याहून उशिरा झाले: विडी व सिगार कामगारांचा कायदा 1966 मध्ये आला आणि घरी बसून काम करणारी बाईदेखील कामगार आहे, हे त्याने मान्य केले. तुझ्या आजीच्या सुपाशेजारी हा कायदा ठेवून पाहा. तिला त्याची माहिती कधी मिळाली, कोणाकडून मिळाली, मोर्चात ती गेली होती का, हे विचार. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, तेव्हा तिच्या ओळखीतल्या कोण कोण तिकडे राहायला गेल्या आणि त्यामुळे रविवारच्या गाठीभेटींचे काय झाले, हाही एक चांगला धागा आहे.

जेवणाविषयी तू पुरेसे लिहिले आहेस, म्हणून मी थोडक्यात सांगते. रविवारी सगळ्यांच्याच घरी मटण शिजे, असे लिहू नकोस. ज्यांच्या कुळाला खंडोबा आहे त्यांच्यातली कित्येक घरे रविवार पाळतात. बाळ्याच्या खंडोबाला जाऊन आलेल्या घरात त्या दिवशी भाकरी, शेंगाचटणी आणि पिठलेच असे. लिंगायत शेजाऱ्यांकडे सोमवारचा मान, कोणाकडे अक्कलकोटच्या स्वामींचा गुरुवार, मुसलमान शेजाऱ्यांकडे शुक्रवार. एकाच गल्लीत वारांचे असे निरनिराळे मान असत, आणि मुले त्या सगळ्यांचा प्रसाद खात. तुमच्या घरी रस्सा होत असेल, तर तो कोणासाठी दाट आणि कोणासाठी पातळ होई, काळे तिखट कोणी आणि कधी कुटलेले असे, आणि शेवटी जेवायला बसणारीच्या पानात काय उरे, एवढे विचार. शेवटचा प्रश्न आजीलाच विचार; आजोबांना त्याचे उत्तर ठाऊक असेलच असे नाही.

पाण्याविषयी मात्र सविस्तर विचार. आपल्याकडे पाणी रोज येत नाही. हिप्परगा, टाकळी, उजनी अशा तीन ठिकाणांहून ते गावाला मिळते, तरीही कोणत्या भागात कोणत्या दिवशी पाणी सुटणार यावर घरातली सगळी कामे ठरतात. पाण्याचा दिवस रविवारी आला, तर त्या रविवारी कोणी कोठे जात नसे. नळ किती वाजता सुटे, रांगेत घागरी कोण लावी, रात्री उशिरा पाणी आले तर कोण जागे राही, गोधड्या आणि चादरी धुवायच्या त्याच दिवशी काढल्या जात का, हे सगळे विचार. सोलापूरचा रविवार लिहायला बसावे आणि त्यात पाणी नसावे, हे मला पटत नाही.

तारखांची तू काळजी केली आहेस. आजीला साल आठवत नाही म्हणून लेखन खोटे ठरेल, अशी तुला भीती वाटते. साल आठवत नसेल, तर ज्या घटनेचे साल आपल्याला ठाऊक आहे अशी एखादी मोठी घटना त्या आठवणीशेजारी आहे का, ते पाहावे. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा आणि मुलांना सुकडी वाटायचे, असे ती म्हणाली तर तो 1972 च्या दुष्काळाचा काळ आहे. त्या वर्षीच्या रविवारी घरात काय शिजले आणि खडी फोडायला कोण गेले, ते विचार. शेजाऱ्यांच्या दूरचित्रवाणी संचाला हार घालून सगळी गल्ली रामायण पाहायला बसायची, असे ती म्हणाली तर ते 25 जानेवारी 1987 नंतरचे आणि 1988 च्या मध्यापर्यंतचे रविवार आहेत, कारण ती मालिका दूरदर्शनवर त्या काळात रविवारी सकाळी दाखवली जात होती. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झाला. तो गुरुवार होता. त्यानंतरच्या 3 ऑक्टोबरच्या रविवारी तुमचे घर घरात झोपले की अंगणात, हे आजीला साल न सांगताही आठवेल. सणावरून आठवण निघाली तर जुने पंचांग काढावे. दाते पंचांग आपल्याच गावचे आहे आणि शंभराहून अधिक वर्षे निघते आहे; कित्येक घरांत जुन्या प्रती जपलेल्या असतात. त्या वर्षी नागपंचमी कोणत्या वारी आली होती, हे त्यात पाच मिनिटांत सापडते. एवढे करूनही साल ठरले नाही, तर ‘धाकटी आत्या रांगत होती तेव्हा’ असे लिही. घरच्या आठवणीला तेवढी खूण पुरते.

भाषेविषयी एक सूचना करते. तुझी आजी घरात तेलुगू बोलते, बाजारात मराठी, आणि शेजारणीशी कन्नडही बोलत असेल. तुझ्या पानांत मात्र ती पाठ्यपुस्तकातली मराठी बोलते. तिची वाक्ये तिने उच्चारली तशीच लिही. मुलांना हाक मारताना ती कोणत्या भाषेत मारी, रागावताना कोणती वापरी, देवापुढे कोणती, याची नोंद ठेव. तेलुगू शब्द देवनागरीत जसा ऐकू येईल तसा लिही आणि त्याचा अर्थ वाक्यातच उलगडू दे. उद्या तुझ्या मुलांना ती भाषा येईल की नाही, हे आपण आज सांगू शकत नाही, आणि या एका गोष्टीसाठी तरी तू घाई करावीस असे मला कळकळीने वाटते. माझ्या आईची कितीतरी बोलणी मला आता अर्थाने आठवतात, शब्दांनी आठवत नाहीत, आणि त्याचे दुःख मला रोज होते.

काही प्रश्नांना ती उत्तर देणार नाही, तेव्हा तू गप्प राहा. एखाद्या रविवारी मिल बंद झाल्याची बातमी आली असेल, कोणी घर सोडून गेले असेल, एखादे मूल दगावले असेल. सोलापुरातल्या मोठ्या मिल एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा शेकडो घरांत बापाला रोजच सुट्टी मिळाली, आणि ती सुट्टी कोणालाच नको होती. अशा वर्षांविषयी माणसे एका वाक्यात बोलतात आणि विषय बदलतात. ते एक वाक्य जसेच्या तसे लिहून ठेव, त्याच्यापुढे काही जोडू नकोस आणि पुन्हा कधी ती आपण होऊन बोलली तर ऐक. मोबाईलवर आवाज टिपून ठेवणार असशील, तर आधी तिला तसे सांग आणि कोणती गोष्ट घराबाहेर जाऊ नये तेही तिलाच ठरवू दे. आपल्या आयुष्यावर तिचा हक्क आपल्या लेखनापेक्षा मोठा आहे.

सुखाच्या गोष्टी गाळ, असे मी सुचवते आहे असे समजू नकोस. तासाच्या भाड्याने सायकल घेऊन हिप्परग्याच्या तलावाकडे गेलेली पोरे, जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यात बसण्यासाठी साठवलेले पैसे, थंडीत नातेवाइकांच्या शेतावर हुरडा भाजत काढलेली दुपार, मळलेल्या हातांनी खाल्लेली ती गरम कणसे, हे सगळे लिहायलाच हवे. माझ्या वडिलांनी एका रविवारी आम्हाला नळदुर्गला नेऊन किल्ल्यातला पाणीमहाल दाखवला, त्या दिवसाचा आनंद मला आजही जसाच्या तसा आठवतो. मात्र त्या सहलीसाठी आदल्या रात्री दशम्या कोणी केल्या आणि मागे घरी कोण राहिले, हे मी आता जोडून लिहिते; माझी आई मागे राहिली होती, आणि ती का राहिली हे मला तिच्याकडून कळून घेता आले असते तर फार बरे झाले असते.

तेव्हा नवे काही लिहिण्याच्या आधी आजीशेजारी बसून एक कामच कर. तिच्या हातात आता बळ नसेल, पण पान कसे कापायचे, विडीचे तोंड कसे मुडपायचे हे तिला तुझ्याकडून करून घेता येईल. तिला शिकवू दे, चुकू दे स्वतःला, आणि बोलणे जसे निघेल तसे निघू दे. वडिलांना वेगळे विचार, आत्यांना वेगळे. एकाच रविवारविषयी तिघांची तीन म्हणणी निघाली तर तिन्ही ठेव. आजोबांच्या कारखान्याच्या सुट्टीचा वार तेवढा आधी पक्का कर, कारण बाकीचे पुष्कळ त्यावर अवलंबून आहे. नवी पाने झाली की पाठव. पंचांग माझ्याकडे आहे, तारखा आपण दोघी मिळून लावू.

आजीला माझा नमस्कार सांग. प्रकृतीस जप.

कळावे.
तुझी,
बाई